कर्ज काढून नर्सरीत घालू का?

पत्र

मावशी, नमस्कार. मी सोलापूरला विडी घरकुल भागात राहते. विड्या वळते. मालक यंत्रमागावर जातात. मोठी मुलगी तीन वर्षं चार महिन्यांची, धाकटी आठ महिन्यांची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत अंगणवाडी आहे. जाऊबाई म्हणतात, तिथं नुसती खिचडी मिळते, शिकवत काही नाहीत, आणि केजी केल्याशिवाय पुढं पहिलीत कुणी घेत नाही. त्यांचा मुलगा इंग्लिश मीडियमला जातो. तिथं नर्सरीची फी वर्षाला २२,००० रुपये, व्हॅनचे महिन्याला ७०० वेगळे. बायकांच्या गटातून फायनान्सचं कर्ज मिळतंय, हप्ता आठवड्याचा. घेऊ का? मुलगी हुशार आहे, पण दिवसभर माझ्याजवळ बसून असते. पान कापायचं पत्र्याचं माप रद्दीवर ठेवते आणि कडेकडेनं खडू फिरवत राहते. माप हरवतं म्हणून मी रागावते. मला इंग्रजी येत नाही, मी तिला काय शिकवणार? माझ्यामुळं ती मागं राहील अशी भीती वाटते.

– एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

आधी सरळ उत्तर देते, कारण गटाच्या बैठकीत सही करायला वेळ लागत नाही आणि हप्ते मात्र पुढं चालूच राहतात. हे कर्ज घेऊ नका. मुलीला याच आठवड्यात अंगणवाडीत घाला. आता असं का म्हणते ते सांगते.

हिशेब तुम्ही एका वर्षाचा केलाय. नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशी ही तीन वर्षं आहेत. फीचे ६६,००० झाले. व्हॅनचे वर्षातले दहा महिने धरले तरी २१,०००. एकूण ८७,००० रुपये, आणि यात दरवर्षी वाढणारी फी, गणवेश, वह्या, गॅदरिंगचे कपडे काहीच धरलेलं नाही. एवढं करून मुलगी पहिलीच्या दाराशी पोहोचेल, म्हणजे खरी शाळा तिथून पुढं. तुमचं उत्पन्न विड्यांवर. पान खराब आलं, कारखान्यानं माल कमी दिला, धाकटीला ताप आला, की त्या आठवड्याची वळणी कमी होते. हप्ता कमी होत नाही. मी पंचवीस वर्षं आधी बालवाडीत आणि मग अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात काढली. अशा घरांत पहिली कात्री कुठं लागते ते पाहिलंय. आधी दूध बंद होतं, मग अंडी, मग आठवड्याची भाजी. जिच्यासाठी कर्ज काढलं तिच्याच ताटातून हप्ता जातो.

आता तुमच्या पत्रातल्या त्या पत्र्याच्या मापाकडे येते. ते वाक्य मी दोनदा वाचलं. एखाद्या महागड्या मॉन्टेसरी शाळेत जाऊन बघा. तिथं फळीवर धातूच्या चौकटी मांडलेल्या असतात, चौकोनी, गोल, तिकोनी. मुलं कागदावर चौकट ठेवतात आणि कडेनं पेन्सिल फिरवतात. बोटांना वळण लागावं, हात ठरलेल्या रेषेवर थांबायला शिकावा, म्हणून. लिहिण्याआधीची ही तयारी. तुमच्या लेकीनं तीच चौकट तुमच्या सुपाशेजारी शोधून काढली, कुणी न शिकवता, आणि बराच वेळ ती त्यात रमते. तीन वर्षांचं मूल एका कामात एवढा वेळ रमतं, याचा अर्थ ते शिकायला तयार आहे. ती मागं राहिलेली नाही, ताई. तिला जागा हवी आहे, सोबत हवी आहे, आणि कुणीतरी ‘बघू, काय काढलंस?’ असं विचारायला हवंय.

दोन बायकांची गोष्ट इथं सांगावीशी वाटते, कारण अंगणवाडी हा शब्द त्यांच्याकडून आला. ताराबाई मोडक आधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या, तिथून शिकत शिकत त्या शिक्षिका झालेल्या. दोघींनी बोर्डीत बालवाडी काढली. पण दलित वस्तीतली मुलं यायचीच नाहीत. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत असे, कुणाला अंगावर धड कपडा नसे, कुणाला गावातून चालत यायची भीती. मग ताराबाई आणि अनुताई बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. अंगण झाडायचं, मुलांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं. पुढं १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासी मुलांत गेलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जायचं, हे त्यांनी करून दाखवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. तुमच्या गल्लीच्या टोकाची भाड्याची खोली त्या अंगणाची वारस आहे. फुकट मिळते म्हणून तिला हलकी समजू नका.

‘नुसती खिचडी’ असं जाऊबाई म्हणतात. त्यांचा राग समजू शकते, पण खिचडीला नुसती म्हणू नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेलं जेवण मिळायचा हक्क दिलाय. २०१३ च्या त्या कायद्यात दोन्ही मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरवलं होतं. हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. आणि खिचडीत शिक्षण कसं असतं तेही सांगते.

एकदा एका अंगणवाडीत मी कोपऱ्यात बसून बघत होते. वाढायची वेळ झाली. सेविकेनं चार वर्षांच्या एका मुलीला सांगितलं, ‘बघ गं, किती जण आलेत, तेवढ्या ताटल्या आण.’ ती उठली, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत लावत फिरली, आत गेली आणि ताटल्यांची चळत छातीशी धरून आली. सगळ्यांपुढं एकेक ठेवली. शेवटी स्वतःच्या जागेवर बसली तर पुढं ताटलीच नाही. चेहरा रडवेला झाला. सेविका तिला काही सांगू शकली असती, पण ती थांबली. मुलीनं पुन्हा सगळ्यांकडे बोट फिरवलं, पुटपुटत मोजलं, मग बोट स्वतःच्या छातीवर आलं आणि ती ओरडली, ‘मी! मी मोजलीच नाही!’ पळत जाऊन एक ताटली आणली. हे गणित आहे, ताई. फळ्यावर एक ते शंभर लिहून घेतल्यानं जे येत नाही ते त्या ताटल्यांनी आलं. त्यासाठी फार खर्च लागला नाही. लागली ती थांबायला शिकलेली सेविका.

प्रत्येक अंगणवाडीत असं होतं का? होत नाही. जाऊबाईंचं म्हणणं सगळंच खोटं नाही. खोली लहान, पटावर मुलं खूप, येतात निम्मी, आणि सेविका एकटी. तिच्यावर वजनं घेणं, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरणं, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करणं, गरोदर बायांच्या घरी जाणं, शिवाय वेगवेगळी सर्वेक्षणं. या सगळ्यातून गाणी-गोष्टींना जो वेळ उरतो तो कधी कधी अर्धा तास. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम सोडताना एकरकमी पैसे मिळण्याचा, हक्क मान्य केला, तरी त्या आजही मानधनावर राबतात. तामिळनाडूत ६४० अंगणवाड्यांमध्ये एक अभ्यास झाला होता. काही केंद्रांत फक्त एक जादा कार्यकर्ती दिली, तीही अर्धवेळ, केवळ मुलांना शिकवण्यासाठी. शिकवायचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही कमी झालं. म्हणजे खोट सेविकेत नाही, तिच्या हातात वेळ नसण्यात आहे. आपल्याकडं असा जादा हात सगळीकडं मिळावा म्हणून मी गेली कित्येक वर्षं बोलते आहे आणि बोलत राहीन.

तुम्ही सोमवारी साडेदहा-अकराच्या सुमाराला दोन्ही मुलींना घेऊन अंगणवाडीत जा. नाव घालून लगेच परत फिरू नका, तासभर बसा. सेविका मुलांना नावानं हाक मारते का? मुलांचा आवाज जास्त ऐकू येतो की तिचा? खेळणी मुलांच्या हाताशी आहेत की कपाटात कुलूप लावून? गोष्ट झाली तर तिच्यात मुलांना बोलू देतात का? अंगणवाड्यांसाठी ठरवून दिलेला अभ्यासक्रम असतो. सेविकेला सहज विचारा, ‘ताई, अभ्यासक्रमातलं या आठवड्यात काय घेताय?’ तिला बरं वाटेल. पालक म्हणून असं विचारणारं क्वचितच कुणी असतं. महिन्यातून एकदा पालकांची बैठक होते, तीही विचारून घ्या. तुमच्याकडं जे आहे ते द्या. रिकामे डबे, धुतलेले चिंचोके, कापडाच्या रंगीत चिंध्या. मालक यंत्रमागावर आहेत, तिथल्या टॉवेलच्या कडांच्या पट्ट्या मिळतील, त्यांच्या वेण्या घालायला मुलांना फार आवडतं.

आणि खोली वारंवार बंदच दिसली, आहार येत नसला, तर? आधी सेविकेशी बोला, एकट्या नका, तीन-चार आया मिळून. दार न उघडण्याला बहुतेक वेळा कारण असतं, भाडं थकलेलं असतं किंवा मदतनिसाची जागा रिकामी असते. त्यानं झालं नाही तर तिच्या वरच्या मुख्यसेविकेला आणि मग शहरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी द्या, एक प्रत आपल्याकडं पोच म्हणून ठेवा. शेजारच्या गल्लीत अंगणवाडीच नसेल तर तिथल्या बायांना हेही सांगा: १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत तिथं लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायला हवी. हे माहीत असलेल्या बाया फार थोड्या असतात.

आता ‘केजी केल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत’ हे. या एका भीतीवर किती घरांनी कर्जं काढली असतील! शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा, मुलाखत घ्यायला त्यात बंदी आहे. पहिलीत जायला केजीचा दाखला लागत नाही. महापालिकेची शाळा तर तुमच्या मुलीला सरळ घेईल, आणि सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू माध्यमाच्याही महापालिका शाळा आहेत.

इंग्लिश मीडियमची ओढ तुम्हाला असेल तर त्यातही काही गैर नाही. पण मग कर्जाचा नव्हे, कायद्याचा रस्ता धरा. याच कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्यात, त्या मुलांची फी शासन भरतं. वंचित गटात येत असाल तर जातीचा दाखला, दुर्बल घटकात येत असाल तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला. शिवाय राहण्याचा पुरावा आणि मुलीचा जन्मदाखला. अर्ज शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर, साधारण वर्षाच्या सुरुवातीला सुटतो, फुकट असतो, आणि अर्ज जास्त आले की लॉटरी निघते. काही शाळांत प्रवेशाचा वर्ग नर्सरी असतो, पुष्कळ ठिकाणी पहिली. नर्सरीत नंबर नाही लागला तर पहिलीला पुन्हा अर्ज करता येतो. म्हणजे तीन वर्षं अंगणवाडी करून पहिलीला २५ टक्क्यांतून इंग्लिश मीडियम, हा रस्ता उघडा आहे आणि त्यात कर्ज कुठंही नाही. कुणी म्हणेल, ‘ते आता बंद झालं.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती खरी. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. दाखले काढायला वेळ लागतो, म्हणून ते आताच काढून ठेवा. आणि एक सांभाळा: फी माफ असली तरी काही शाळा गणवेश, पुस्तकं, सहली अशा नावांनी पैसे मागतात. अशी मागणी लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याच मागण्या गळून पडतात.

भाषेबद्दल मला थोडं मन मोकळं करायचंय. तुमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी. तुम्हाला हे ओझं वाटतंय, पण हे धन आहे. तीन वर्षांचं मूल दोन भाषा सहज पेलतं, कारण दोन्ही त्याला माणसांकडून मिळतात, हाक मारताना, भांडताना, जेवताना. स्वस्तातल्या नर्सरीत इंग्रजी कशी मिळते ते मी पाहिलंय. बाई मराठीत दरडावतात आणि मुलं इंग्रजीत शब्द घोकतात. सफरचंदाचं चित्र, त्याखाली अक्षर, पन्नास वेळा गिरवा. बोटांचे स्नायू अजून कोवळे, पेन्सिल मुठीत धरलेली, आणि वहीत चार ओळींत अक्षर बसवायची सक्ती. आसाम, राजस्थान आणि तेलंगणमध्ये हजारो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी असोत की खासगी, बहुतेक केंद्रांत या वयाला साजेसं शिक्षण होतच नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे बोर्डावरच्या नावानं फरक पडत नाही, आत मुलांशी काय केलं जातं त्यानं पडतो. मुलगी घरी तेलुगूत भरभरून बोलायला शिकली, मराठीत गोष्ट सांगायला लागली, तर इंग्रजी तिला पुढं नक्की येईल. उलट तुम्ही तुमची भाषा सोडून तोडक्या इंग्रजीत तिच्याशी बोलायला लागलात, तर तुमच्यातलं बोलणंच आटेल. तसं करू नका. तुमच्या आईनं तुम्हाला म्हटलेली अंगाई तिला तेलुगूतच म्हणा.

‘मी तिला काय शिकवणार?’ असं विचारलंत. हे वाचून माझ्या घशाशी आवंढा आला, कारण हे वाक्य मी शंभर आयांच्या तोंडून ऐकलंय. जमैकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८० च्या दशकात एक प्रयोग झाला. वाढ खुंटलेली १२९ बाळं होती. त्यांतल्या काहींच्या घरी दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका जायची, दोन वर्षं. ती मुलाला शिकवत बसत नसे. आईला दाखवायची, बाळाशी असं खेळा, असं बोला, हे नाव सांगा. टाकाऊ वस्तूंची खेळणी नेऊन द्यायची. वीस वर्षांनी बघितलं तर ज्या घरांत ती गेली होती तिथली मुलं, न गेलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती. त्या आयाही तुमच्याआमच्यासारख्याच गरीब होत्या. त्यांनी केलं ते एवढंच की मुलाशी बोलल्या, आणि मूल काय करतंय ते बघितलं.

तुमचे हात दिवसभर सुपात असतात, पण तोंड मोकळं असतं. विड्या वळता वळता बोला. ‘आज किती कट्टे झाले गं? लाल दोरा कुठं गेला? मोठं पान कुठलं, छोटं कुठलं?’ ती उत्तर देईल, चुकेल, पुन्हा सांगेल. दुपारी चहाला थांबता तेव्हा दहा मिनिटं तिनं काढलेलं बघा आणि विचारा, ‘हे काय आहे?’ ती म्हणेल घर, म्हणेल गाडी. ‘कुणाचं घर? कोण राहतं तिथं?’ एवढं पुरतं. रात्री तुम्ही थकलेल्या असता, गोष्ट सुचत नाही, तर मालकांना सांगा, आज मागावर काय काय झालं ते तिला सांगा. बापाच्या तोंडची गोष्ट पोरींना फार प्रिय असते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. तंबाखू मुलींपासून लांब ठेवा. तुम्ही जिथं वळता तिथं धाकटीला मांडीजवळ घेऊ नका, शक्य तर दाराशी, वाऱ्याला बसा. पाजण्याआधी आणि भरवण्याआधी हात साबणानं मनगटापर्यंत धुवा. मोठी काही तास अंगणवाडीत गेली, की तेवढा वेळ तरी तिचा श्वास त्या धुळीतून सुटेल. खरं सांगायचं तर माझ्या मनात अंगणवाडीचं हे कारणही इतर कारणांइतकंच मोठं आहे.

धाकटीचंही त्याच दारात होईल. सहा महिने पुरे झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत तिला घरी न्यायचा आहार मिळायला हवा, दर महिन्याला वजन व्हायला हवं. ते कार्डावरच्या रेषेवर कुठं बसतं ते सेविकेला दाखवायला लावा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि जीवनसत्त्व अ असतं, तो दिवस चुकवू नका. दुसरी मुलगी म्हणून मातृवंदना योजनेत ६,००० रुपये मिळू शकतात, पण त्याचा अर्ज बाळ झाल्यापासून ठरावीक मुदतीतच घेतात आणि तुमची आठ महिन्यांची झालीय, म्हणून हे आजच विचारा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर राज्याची लेक लाडकी योजना आहे, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी. मोठी त्याआधीची असली, तरी धाकटी बसू शकते. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,०००, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. अर्ज अंगणवाडी सेविकेकडंच द्यायचा. कुटुंब नियोजनाची अट आहे, ती नीट समजून घ्या. आणि तुमच्याकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर ते जपून ठेवा, मुली पहिलीत गेल्या की केंद्राच्या कामगार कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. नसेल तर काढून घ्या.

जाऊबाईंशी या सगळ्यावरून वाद घालू नका. त्यांनी त्यांच्या मुलासाठी जिवापाड केलंय, आणि उद्या दोघी मिळून २५ टक्क्यांचा अर्ज भरायला बसाल तर बरं. सासूबाई विरोध करत असतील तर एक दिवस त्यांनाच अंगणवाडीत सोडायला पाठवा. आजीला गोष्ट सांगायला बसवलं की सेविकाही खूश आणि आजीही.

सोमवारी जाऊन आलात की मला लिहा, सेविका कशी वाटली, मुलगी रडली का. पहिले चार-पाच दिवस बहुतेक मुलं रडतात. रोज थोडा थोडा वेळ बसून या, आणि निघताना गुपचूप पळू नका, तिला सांगून निघा: ‘खिचडी खाऊन झाली की मी येते.’ आणि खरंच त्याच वेळेला या. कारखान्यात जाल तेव्हा एक जुनं, टाकून दिलेलं माप मागून घ्या. कडा घासून बोथट करा, साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा, आणि तिला देऊन टाका, तिचं स्वतःचं म्हणून.

तुमची,
मावशी